राखाडी ओळ

फोन भाचीचा होता, पण हातात माझ्या होता, कारण तिचे दोन्ही हात केसांत गुंतले होते आणि दातांत पिन होती. "मावशी, पुढचं लाव ना," असं काहीतरी ती त्या पिनेच्या फटीतून म्हणाली. मी तिची यादी खाली सरकवत गेले. पांढऱ्या ठळक अक्षरांत एकाखाली एक गाणी, आणि मधेच एक ओळ राखाडी. विझल्यासारखी. मी तिच्यावर बोट ठेवलं, काही झालं नाही. मग जरा दाबून ठेवलं. स्क्रीन ऐकेनाशी झाली की आमच्या वयाचे लोक ती दाबतात, जणू तिला कमी ऐकू येतं. तरी काही नाही. "अगं, हे लागत नाहीये." तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "ते गेलं."

गेलं म्हणजे? "म्हणजे काढलं त्यांनी. हक्कांचं काहीतरी असतं. होतं असं." पिन खोचून झाली, फोन माझ्या हातातून गेला, दुसरं गाणं लागलं आणि ती निघूनही गेली.

मला मात्र ते दोन दिवस पुरलं. कारण ते गाणं मला माहीत होतं. मागच्या वर्षी ती आमच्याकडे राहायला होती तेव्हा रात्री साडेबारा-एकला भिंतीपलीकडून त्याचा नुसता ठोका यायचा. शब्द नाहीत, सूर नाहीत, भिंतीतून गाळून आलेला तेवढा ठोका. गाणं संपलं की चार सेकंद शांतता, आणि परत तेच. त्या दिवसांत तिचं काहीतरी बिनसलं होतं. काय ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ज्या गाण्याने एवढ्या रात्री सोबत केली ते एका सकाळी कुणीतरी परस्पर उचलून नेलं, आणि ही 'होतं असं' म्हणून वेणीला लागली. माझ्या घरातून कुणी साधी वाटी नेली तरी मी घर डोक्यावर घेते.

माळ्यावर माझं एक बुटांचं खोकं आहे. त्यात कॅसेट आहेत, बहुतेक रेडिओवरून भरलेल्या. आता पुढचं गाणं कोणतं ते निवेदकाने सांगितलं की दादा आणि मी टेपरेकॉर्डरवर झडप घालायचो. 'रेकॉर्ड' आणि 'प्ले' ही दोन्ही बटणं एकदम दाबायची, वर 'पॉझ' दाबून श्वास रोखून थांबायचं, आणि निवेदकाचं बोलणं संपलं रे संपलं की पॉझ सोडायचा. हे जोखमीचं काम दादाकडे होतं. निवेदकाचा एक शब्दही येता कामा नये यावर त्याचा इतका कटाक्ष, की गाण्याचं तोंड हमखास कापलं जायचं. त्यातल्या एका गाण्याची पहिली दीड ओळ आमच्या घरात कधी आलीच नाही. ते आमच्याकडे मधूनच, एका अर्धवट आकारातून सुरू व्हायचं. मी ते तसंच ऐकलं, तसंच पाठ केलं, आंघोळ करताना तसंच म्हटलं. पुढे वीसेक वर्षांनी ते पहिल्यांदा अख्खं कानावर पडलं, तेव्हा ती सुरुवातीची दीड ओळ मला उपरी वाटली. कुणीतरी मागाहून आणून चिकटवल्यासारखी. अजूनही वाटते.

शिवाय क्रम. ते गाणं संपत आलं की माझ्या कानाला त्याच कॅसेटवरच्या पुढच्या गाण्याची चाहूल लागते. आता ते दुसऱ्या कुणाच्या फोनवर लागतं आणि मागून भलतंच काहीतरी येतं, तेव्हा अंधारात एक पायरी चुकल्यासारखं होतं. आणि ही चाहूल निव्वळ सवयीची नसायची बरं का. टेप रिळावर थरावर थर अशी गुंडाळलेली असते आणि एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर थोडंसं उमटतं. कॅसेट बरेच दिवस पडून राहिली की गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत त्याच गाण्याची पुसट सावली ऐकू येते, बरोबर एक वेढा आधी. लहानपणी मला वाटायचं, गाणं सुरू होण्यापूर्वी घसा साफ करतंय. दादाला हे सांगितलं तर तो हसला. पुढे मला याचं खरं कारण कळलं तोवर दादाच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं.

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जेमतेम ९० मीटर टेप असते, चार मिलिमीटरहूनही अरुंद, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे सेकंदभर धरलेला सूर हा करंगळीएवढा. हे आकडे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती एक दुपार. मशीनने टेप खाल्ली होती, आवाज आधी रडवेला झाला, मग बुडाला. झाकण उघडून आम्ही रबराच्या चाकाला वेढे घालून बसलेली ती तपकिरी, चकचकीत पट्टी नखांनी सोडवत होतो. दादा म्हणत होता ओढू नकोस, आणि मी ओढत होते. अखेर ती सुटली, पण हातभर भाग चुरगळला तो चुरगळलाच. त्या जागी गाण्याला कायमची मुरड पडली. गायिका तिथे पाण्याखाली जाते आणि दहाएक सेकंदांनी वर येते. हे गाणं जगात लाखो लोकांकडे असेल, पण ती बुडी फक्त आमच्याकडे होती.

कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या जिभा असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. दादा आपल्या आवडीचं भरून झालं की पेनाच्या टोकाने त्या मोडून टाकायचा. तो घरात नसला की मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावून माझं भरायचे. आमच्या घरात संगीताच्या मालकीचे दावे असे चालायचे.

वस्तू हातात असली की तिचं वाटेल ते करता येतं. उसनी देता येते, विकता येते, मैत्री तुटली की परत मागता येते, आणि आपल्यामागे ती कुणाच्या तरी गळ्यात पडते. विकत घेतलेली गाण्याची फाइल अशी पुढे विकता येईल का, हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. २०१८ मध्ये अपील कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. त्याचं कारण मला फार मजेशीर वाटतं. फाइल दुसऱ्याकडे पाठवली की तिथे तिची नवी नक्कल तयार होते, आणि नक्कल करण्याचा अधिकार तुमचा नव्हे. कॅसेट देताना नक्कल होत नाही. कॅसेट जाते. जाते ती बहुधा परत येतच नाही. माझ्या वहीत मागच्या पानावर 'कुणाला काय दिलं' याची यादी असायची, आणि त्या यादीपायी मी दोन मैत्रिणींशी अबोला धरल्याचं मला स्वच्छ आठवतं. भाचीकडे तर फाइलही नाही. तिच्याकडे आहे ती ऐकण्याची परवानगी, दर महिन्याला नवी होणारी. वरच्या वर दोन कंपन्यांचं बिनसलं की खाली आवाज जातो. २०२४ च्या सुरुवातीला युनिव्हर्सल म्युझिक आणि टिकटॉक यांचा करार संपला आणि नवा जमेना, तेव्हा जवळजवळ तीन महिने लोकांच्या जुन्या व्हिडिओंमधली गाणी मुकी झाली होती. मुलं मनापासून नाचतायत आणि आवाज नाही. ते पाहून मला हसू यायला हवं होतं, पण कसंतरीच झालं.

हे सगळं मी तिला ऐकवलं. जरा तावातावानेच. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुझ्या कॅसेट लाव ना."

खोकं खाली काढलं. टेपरेकॉर्डरही काढला, वायर फडक्याने पुसली, प्लग लावला, लाल दिवा लागला तेव्हा मला केवढा आनंद झाला. 'प्ले' दाबलं तर आत मोटर फिरल्याची बारीक घरघर, पण चाकं जागची हलेनात. मागचं झाकण उघडलं. मोटरचा फेर चाकांना पोचवणारा आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. अक्षरशः डांबर. भाचीने कुतूहलाने बोट लावलं आणि पुढचा पाऊण तास ती साबण घेऊन बेसिनपाशी उभी होती. खोक्यातल्या निम्म्या कॅसेटच्या काचेआड पांढरी बुरशी दिसत होती, रिळाच्या कडेला, हिवाळ्यात खिडकीवर बाष्प धरावं तशी. आणि ज्या दीड ओळीच्या गाण्याचं मी एवढं कौतुक सांगत होते, त्या कॅसेटची नुसती डबी निघाली. आत काही नाही. बाहेर माझ्या अक्षरात गाण्यांची नावं, पाचव्या नावापुढे कंसात 'सुरुवात नाही'.

आता कबुलीच द्यायची तर पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण कॅसेटच्या नावाने गळा काढणारे लोक ती गाळतात. कॅसेटनंतर मी थेट भाचीच्या युगात उडी मारली नाही. मधे आमचं एक हावरट युग होऊन गेलं. इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचं नॅप्स्टर १९९९ मध्ये आलं आणि २००१ मध्ये बंदही पडलं, पण त्याने जगाला लावलेली चटक काही बंद झाली नाही. माणसाच्या कानाला नाहीतरी फारसं जाणवणार नाही असा भाग गाळायचा आणि गाणं मिनिटाला साधारण एक एमबी इतकं हलकं करायचं, ही एमपीथ्रीची करामत. त्याच २००१ मध्ये खिशात हजार गाणी मावतील असं सांगत आयपॉड आला. मला हजार पुरली नाहीत. ज्याच्याकडे जे असेल ते मी घेत गेले. फोल्डरच्या फोल्डर. भाषा कळत नसलेली गाणी, वाद्यांची नावं माहीत नसलेल्या मैफली, एकाच गाण्याच्या चार-चार प्रती. कॉपी होताना ती हिरवी पट्टी पुढे सरकताना बघण्यातच ऐकण्याचं निम्मं सुख मिळून जायचं. त्यातलं दहावा हिस्साही मी ऐकलेलं नाही. पैसे तर एकाचेही दिले नाहीत, हेही सांगून टाकते. ती हार्ड डिस्क आता लावली की आतून टक-टक-टक असा आवाज येतो आणि संगणक तिला ओळखत नाही. मोठ्यांचीही हीच गत झाली, एवढंच समाधान. मायस्पेस या एकेकाळी गाजलेल्या वेबसाइटने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेलं संगीत नाहीसं झालं. पाच कोटींहून जास्त गाणी. त्यांतली कित्येक कुणीतरी आपल्या खोलीत दार लावून गायलेली, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नसेल.

त्या हार्ड डिस्कपेक्षा भाचीची ती परवानगी बरी, असं कधीकधी वाटतं. निदान ती ऐकते तरी.

आणि कशी ऐकते, ते मी आता जरा लक्ष देऊन बघायला लागले आहे. तिच्या याद्यांना राग, गायक, चित्रपट अशी नावं नसतात. 'ढग आहेत पण पाऊस नाही' अशी एक यादी आहे. 'आईशी भांडणानंतर' अशी एक आहे, ती माझ्या बहिणीला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. दूर राहणारी तिची मैत्रीण आणि ती, दोघी रात्री एकाच क्षणी एकच गाणं सुरू करतात आणि मधे मधे एकमेकींना फक्त एखादं अक्षर पाठवतात. समोर असल्या की इअरबडची जोडी वाटून घेतात, डावा हिला, उजवा तिला. मग दोघींना अर्धंच गाणं मिळतं, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नाही. हे पाहून मला पहिला वॉकमन आठवला. १९७९ च्या त्या मॉडेलला हेडफोनसाठी दोन भोकं होती, आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटणही होतं. एकट्याने कानात घालून ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी सोनीच्या अकिओ मोरितांना धास्ती होती. लोकांना तसं काही वाटलं नाही. दुसरं भोक पुढच्या मॉडेलांतून गेलं. एवढ्या वर्षांनी या पोरींनी ते परत आणलंय, वायर नसताना.

सगळंच मला आवडतं असं मुळीच नाही. ती गाणं तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला उडवते तेव्हा माझा हात शिवशिवतो. फोनवर गाणी ऐकवणाऱ्या या कंपन्यांच्या हिशेबात गाणं तीस सेकंद वाजलं की 'ऐकलं' धरतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस पळू नये म्हणून गाणारेही घाईला आलेत. अमेरिकेतल्या टॉप टेन गाण्यांचा एक अभ्यास मी वाचला होता. १९८०च्या दशकाच्या मध्यात गायन सुरू होण्याआधी सरासरी वीस सेकंदांहून जास्त नुसती वाद्यं वाजायची, २०१५ पर्यंत ती पाच सेकंदांवर आली. ते वीस सेकंद म्हणजे खुर्चीत नीट सरकून बसायचा वेळ होता. आणि कॅसेटवरचं सहावं गाणं! ते कुणालाच आवडायचं नाही. पण पुढे पळवायचं तर अंदाजाने थांबा, मागे या, परत पुढे जा. त्यापेक्षा वाजू द्या. आणि वाजू देता देता तेच एक दिवस डोळ्यांत पाणी आणायचं. तिच्या यादीत सहावं गाणं नसतं. सगळी पहिलीच असतात.

एकदा मी तिला एका जुन्या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं. तिला ते आधीच माहीत होतं, पंधरा सेकंदांच्या तुकड्यात, वेग वाढवून, आवाज बारीक केलेलं. अशा पळवलेल्या आवृत्त्या आता कंपन्या स्वतःच काढतात. मूळ गाणं तिने शेवटपर्यंत ऐकलं, हे तिचं मोठेपण. मग म्हणाली, "छान आहे. पण हे स्लो केलंय का?" मी तिला सोलणारच होते. माझी वाक्यं तयार होती, 'मूळ' या शब्दावर जोर देऊन. आणि तोंड उघडता उघडता मला दादाचं पॉझवरचं बोट दिसलं. गाण्याची पहिली दीड ओळ जिला उपरी वाटते त्या बाईने ही वाक्यं कोणत्या तोंडाने म्हणायची? मी म्हटलं, "हो, थोडं स्लो आहे."

तिच्या खोलीत भिंतीवर एक विनाइल रेकॉर्ड आहे, साठवलेल्या पैशांतून घेतलेली. वाजवायचं यंत्र नाही. मी विचारलं, मग उपयोग काय? तिला प्रश्नच कळला नाही. "अगं, माझी आहे ती." नंतर वाचलं, तर अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल रेकॉर्ड्स सीडींपेक्षा जास्त खपल्या, संख्येच्या हिशेबात १९८७ नंतर पहिल्यांदाच. आणि तिथल्याच दुसऱ्या एका पाहणीत विनाइल घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र निघालं. मी एकदा ती भिंतीवरून उतरवून उजेडात तिरकी धरली. एकही ओरखडा नाही. खाचांवरून उजेड फिरला, इतकी काळीभोर, कोरी. मला तिची दया आली, रेकॉर्डची. ती भिंतीवर नीट लावता येईना, दोनदा वाकडी लागली.

आणि मग मागच्या आठवड्यात ते गाणं परत आलं.

मलाच आधी दिसलं. तिच्या लॅपटॉपवर मी दुसरंच काही शोधत होते. तेच गाणं, तोच आवाज, फक्त चित्र वेगळं, बहुतेक दुसऱ्या कुठल्या कंपनीने नव्याने चढवलेलं. मी तिला हाक मारली, अगदी हरवलेलं मांजर सापडल्यासारखी. ती आली, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "हं. बघितलं मी परवा." एवढंच. मी ते लावलं. भिंतीपलीकडून न येता ते पहिल्यांदाच माझ्या समोर वाजत होतं, आणि त्याला शब्द होते, चांगले होते. ती ऐकत होती, पण पाहत होती पडद्याच्या उजव्या कडेला. तिथे प्रत्येक गाण्यापुढे ते यादीत कधी घातलं ती तारीख असते आणि किती वेळा ऐकलं तो आकडा. या नव्या गाण्यापुढे शून्य होता.

"शून्य काय," ती पुटपुटली. गाणं गेलं तेव्हा जिने मानसुद्धा वळवली नव्हती, तिचा चेहरा आता उतरला होता.

यादीत थोडं वर ती राखाडी ओळ होतीच. आता गाणं आलंच आहे तर ही अडगळ कशाला, म्हणून मी सराईतपणे त्या ओळीवर गेले आणि काढून टाकायचा पर्याय उघडला. ती एवढ्या झटकन पुढे आली की लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवर आलं. "हात नको लावूस त्याला." मग जरा खजील होऊन झाकण वर केलं. राखाडी ओळीपुढे मागच्या वर्षीची तारीख होती, ती आमच्याकडे आली त्याच्या तिसऱ्या दिवसाची. त्यापुढे ४१२.

तिने नवं गाणं बोटाने ओढत वर आणलं, त्या ओळीच्या बरोबर खाली ठेवलं, आणि दोन्ही नीट एकाखाली एक बसलीत ना ते बघितलं. "तुझी ती रिकामी डबी कुठे आहे गं?" तिने विचारलं. "टाकलीस?"

मी म्हटलं, माळ्यावर आहे.